रुग्णवाहिकेच्या पायलटाचे तास कोण मोजणार?

१८९७ साली पुणे परिसरात प्लेगने थैमान घातले होते. माणसे घरे सोडून रानात पळत होती. अशा वेळी मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेगची लागण झाल्याचे सावित्रीबाई फुले यांना कळले. सावित्रीबाई तेथे गेल्या, त्यांनी त्या मुलाला पाठीवर घेतले आणि डॉ. यशवंतरावांच्या ससाणे मळ्यातील दवाखान्यात आणून पोचवले. त्याच प्लेगने १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचा बळी घेतला. या देशातील रुग्णवाहिकेचा इतिहास कोणी प्रामाणिकपणे लिहायला घेतला, तर त्याचे पहिले पान सावित्रीबाईंच्या पाठीपासून सुरू होईल, असे आम्हाला वाटते.

परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सावित्रीबाईंनी ते काम स्वेच्छेने केले. त्यांच्या डोक्यावर ठेकेदार नव्हता आणि त्यांच्या त्यागावर कोणी नफा कमावत नव्हता. आज मात्र 'सेवा' हा पवित्र शब्द पुढे करून हजारो तरुणांकडून बारा-बारा तास काम करून घेतले जाते आणि त्यांनी पगाराचे नाव काढले की त्यांना माणुसकी शिकवली जाते. सेवा करणाऱ्याने पोटाचा विचार करू नये, ही शिकवण कोणाची आहे आणि ती कोणासाठी राखून ठेवलेली आहे, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायची गरज नाही.

१५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत १०८ या क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली आणि पुढे ती अनेक राज्यांत पसरली. महाराष्ट्रात ती २०१४ साली आली. ९३७ गाड्या रस्त्यावर उतरल्या. त्यांतील २३३ गाड्यांत अतिदक्षतेची सामग्री होती, उरलेल्या ७०४ साध्या जीवनरक्षक गाड्या होत्या. गाडीत एक डॉक्टर आणि एक चालक. चालकाला या सेवेत 'पायलट' म्हणतात. नाव विमानाचे, पगार ठेक्याचा! डॉक्टरांतही बहुतेक आयुर्वेद किंवा होमिओपॅथीची पदवी घेतलेले तरुण. गाड्या शासनाच्या, पैसा शासनाचा, रुग्ण शासकीय रुग्णालयाचा, पण माणसे मात्र खासगी कंपनीची. अशी ही व्यवस्था आहे.

ही सेवा उपयोगी नाही, असे आम्ही म्हणणार नाही. उलट गावकुसाबाहेरच्या वस्तीला, तांड्याला, पाड्याला, शहरातल्या झोपडपट्टीला तिचा मोठा आधार आहे. ज्याच्या दारात मोटार उभी आहे तो १०८ ची वाट पाहत बसत नाही. वाट पाहते ती बाळंतवेणा सुरू झालेली मजुराची बायको, सर्पदंश झालेला शेतमजूर, बांधकामावरून पडलेला बिगारी. म्हणजे स्ट्रेचरवर आमचा माणूस असतो आणि स्ट्रेचर उचलणाराही बहुतेक वेळा आमचाच असतो. म्हणूनच हा प्रश्न एका खात्यातल्या कामगारांपुरता राहत नाही, तो आमच्या समाजाचा प्रश्न होतो.

काही दिवसांपूर्वी मराठवाड्यातील एका ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात आम्ही अशाच एका पायलटाशी बोलत बसलो होतो. 'जय भीम' झाला, चहा झाला. आम्ही विचारले, ड्युटी किती तासांची? तो हसला. म्हणाला, "सर, सकाळी आठ ते रात्री आठ असं म्हणायचं. पण पावणेआठला केस आली तर नाही म्हणता येतं का? पेशंट जिल्ह्याला पोचवून परत यायला अकरा वाजतात. तोवर पाळी बदलणारा माणूस इथंच गाडीची वाट बघत बसलेला असतो. हे वरचे तीन तास कुणाच्या खात्यात? कुणाच्याच नाही." थोडा थांबून तो पुढे म्हणाला, "गाडीला जीपीएस आहे. गाडी कुठं आहे, किती मिनिटांत पोचली, सगळं वर दिसतं. मी किती तास झोपलो नाही, ते मात्र कुठंच दिसत नाही."

आम्हाला वाटते, सगळा प्रश्न या एका वाक्यात आलेला आहे. फोन आल्यापासून गाडी दारात येईपर्यंतची मिनिटे ठेक्याच्या करारात मोजली जातात. पहिला तास हा रुग्णाचा सोन्याचा तास, असे वैद्यकशास्त्र सांगते. मग त्या सोन्याच्या तासासाठी जो आपली झोप देतो त्याचे तास मातीमोल कसे ठरतात?

बारा तासांचा दिवस म्हणजे काय, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरणीतील प्रौढ पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांचा ठरवला. १९२२ साली आठवड्याला ६० तासांची मर्यादा आली, १९३४ साली ती ५४ वर आली. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीने १९४६ साली बारमाही कारखान्यांसाठी ती ४८ तासांवर आली. म्हणजे दिवसाला आठ तास आणि आठवड्याचे सहा दिवस. त्याच वर्षी किमान वेतनाचे विधेयकही त्यांनीच केंद्रीय कायदेमंडळात मांडले, त्याचा कायदा पुढे १९४८ साली झाला.

आता हिशेब करा. रोज बारा तास आणि आठवड्याला सहा दिवस धरले तर ७२ तास होतात. म्हणजे एकविसाव्या शतकातील रुग्णवाहिकेचा कामगार इंग्रजांच्या १९२२ च्या मर्यादेच्याही बाहेर आहे. त्याला १९११ सालात नेऊन बसवले आहे. बाबासाहेबांनी जे मिळवून दिले ते त्याच्यापर्यंत पोचलेलेच नाही!

ते का पोचले नाही? त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकातच सापडते. १९६१ साली संसदेने मोटार वाहतूक कामगार कायदा केला. ट्रक आणि बसच्या व्यवसायातील कामगाराला त्याने साधारणपणे दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा दिली, आठवड्याची सुट्टी दिली, जादा कामाला दुप्पट दर दिला. परंतु याच कायद्याच्या ३८ व्या कलमात एक सूट होती. आजारी किंवा जखमी माणसांची ने-आण करणाऱ्या वाहनांना हा कायदा लागू नाही! म्हणजे बटाट्याची पोती वाहणाऱ्या चालकाला आठ तासांचे संरक्षण आणि माणसाचा जीव वाहणाऱ्या चालकाला ते नाही. साठ वर्षांहून अधिक काळ हे कलम पुस्तकात होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार श्रमसंहिता लागू केल्या आणि १९६१ चा तो कायदाही त्यांत विलीन झाला. नव्या संहितेत कामगाराचा दिवस आठ तासांचा आहे, जादा कामाला दुप्पट मोबदला आहे. हे चांगले आहे. पण त्याच २०२० च्या सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत आणखी एक तरतूद आहे. संस्थेच्या मुख्य कामात ठेका कामगार लावता येणार नाहीत, असे एका कलमात म्हटले आहे. आणि संस्था खास त्याच कामासाठी उभारलेली नसेल तर कोणती कामे 'मुख्य' धरायची नाहीत, याची यादी दिली आहे. त्या यादीत पहिला क्रमांक आहे सफाईकामाचा. मग पहारा, खानावळ, हमाली, बागकाम, धुणे असे करत करत दहाव्या क्रमांकावर येते वाहतूक, 'रुग्णवाहिका सेवेसह'. वाचकहो, ही यादी नीट वाचा. ती कामांची यादी आहे की वस्त्यांची? रुग्णालय रुग्णांसाठी असते, पण रुग्णाला रुग्णालयात आणणे हे त्याचे मुख्य काम नाही, असा या शहाणपणाचा अर्थ होतो. जे काम आमच्या वाट्याला आले ते 'मुख्य' नाही, हे सूत्र आम्ही हजारो वर्षे ऐकत आलो आहोत. आता ते संहितेच्या भाषेत ऐकतो आहोत, एवढाच फरक!

येथे आम्हाला महार वतनाची आठवण होते. वतनदार महाराच्या कामाला तासही नव्हते आणि कामाची मर्यादाही नव्हती. रात्री-अपरात्री हाक आली की निघायचे. सांगावा घेऊन परगावी जायचे, साहेबाच्या घोड्यामागे धावायचे. तो स्वतः घरी नसेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या कोणाला धरून न्यायचे. बदल्यात तुटपुंजे वतन आणि दारोदार मागितलेले बलुते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडताना बाबासाहेबांचा मुख्य आक्षेप हाच होता की, ज्या चाकरीला निश्चित काम नाही, निश्चित वेळ नाही आणि निश्चित वेतन नाही ती गुलामगिरीच आहे. ते विधेयक तेव्हा पार पडले नाही. पुढे १९५८ च्या कायद्याने ही वतने नष्ट झाली. वतन गेले, पण त्यामागची वृत्ती गेली का? चोवीस तास हाकेला ओ द्यायची, वरचे तास मोजायचे नाहीत, पगार दोन-दोन महिने थकला तरी ठेकेदाराला विचारायचे नाही आणि विचारलेच तर 'उद्यापासून येऊ नकोस' हे ऐकायचे. याला आम्ही नवे वतन म्हटले तर चुकले काय?

संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली आहे. एशियाड स्पर्धेच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, किमान वेतनाहून कमी वेतनात काम करून घेणे हीसुद्धा या कलमाखालची वेठबिगारीच होय. २०१६ साली जगजितसिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, नियमित कर्मचाऱ्याइतकेच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यालाही समान कामासाठी समान वेतनाचे तत्त्व लागू आहे. एकाच रुग्णालयाच्या आवारात वेतन आयोगाचा पगार घेणारा शासकीय चालक आणि त्याच रस्त्यावर तीच गाडी हाकणारा ठेक्याचा चालक शेजारी शेजारी उभे असतात. दोघांच्या गाडीतले रुग्ण सारखेच रक्तबंबाळ असतात. मग पगारात जमीन-अस्मानाचे अंतर का?

शासनाचे उत्तर ठरलेले आहे. 'ते आमचे कर्मचारी नाहीत, कंपनीचे आहेत.' हे उत्तर टिकणारे नाही. १९९६ साली पश्चिम बंगाल खेत मजदूर समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, तातडीचा वैद्यकीय उपचार देणे हे कलम २१ खाली राज्याचे कर्तव्य आहे आणि पैशाची अडचण सांगून राज्याला ते टाळता येणार नाही. कर्तव्य राज्याचे असेल तर ते पार पाडणारे हातही राज्याचेच धरले पाहिजेत. कर्तव्य ठेक्याने देता येत नाही.

ठेक्याचा दुसरा घाव आरक्षणावर बसतो. शासकीय पदाला बिंदुनामावली असते, ठेकेदाराच्या भरतीला ती नसते. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत बाह्यस्रोताने मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला, तेव्हा राज्यभर ओरड झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो रद्द करावा लागला. त्या लढ्यात आपला समाज पुढे होता, याचा आम्हाला अभिमान आहे. पण रुग्णवाहिकेचा ठेका त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. त्याविरुद्ध आम्ही किती ओरडलो?

येथे एक साधे गणित मांडतो. आठवड्यात १६८ तास असतात आणि गाडी चोवीस तास उभी ठेवायची असते. माणसाचा आठवडा ४८ तासांचा धरला तर एका गाडीला साडेतीन चालक लागतात. जेथे दोनच चालकांवर गाडी ओढली जाते तेथे प्रत्येकाच्या वाट्याला ८४ तास येतात. २०१४ च्या ९३७ गाड्या धरल्या तर दोनच्या हिशेबाने १,८७४ चालक आणि साडेतीनच्या हिशेबाने सुमारे ३,२८० चालक लागतात. फरक सुमारे १,४०० चा. डॉक्टरांचा हिशेब पुन्हा तेवढाच. म्हणजे बारा तासांची पाळी कामगाराची झोप तर खातेच, पण तिसऱ्या पाळीत ज्यांना काम मिळाले असते त्यांची नोकरीही खाते. आमच्या वस्त्यांत वाहन चालवण्याचा परवाना आणि पदवी खिशात घेऊन फिरणारी मुले किती आहेत, ते प्रत्येकाने आपल्या गल्लीत मोजून पाहावे.

काही लोक म्हणतील, 'अहो, अपघात घड्याळ पाहून होतात का? आणीबाणीच्या सेवेत आठ तासांचा आग्रह कसा धरता?' आम्ही म्हणतो, अपघात घड्याळ पाहून होत नाहीत म्हणूनच गाडीवर नेहमी ताजातवाना माणूस हवा. आणीबाणी रुग्णाची असते. ती कामगाराची रोजची अवस्था होऊ शकत नाही. पहाटे चार वाजता, विसाव्या तासाला, डुलकी लागलेल्या चालकाच्या हाती बाळंतीण सोपवणे याला कोणी सेवा म्हणू नये. पोलिसांबद्दलही हाच युक्तिवाद वर्षानुवर्षे केला जात होता. पण २०१६ साली एका शिपायाच्या सूचनेवरून मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला आणि पुढे शहरातील इतर ठाण्यांतही तो नेण्यात आला. मनात आणले तर करता येते. प्रश्न मनात आणण्याचा आहे.

उलट वारे दुसऱ्याच दिशेने वाहते आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. आठवड्याचे तास वाढणार नाहीत, जादा कामाला पैसे मिळतील, असे सांगितले जाते. रुग्णवाहिकेचा कामगार आज ज्या बारा तासांत अडकला आहे ते उद्या सगळ्यांच्या दारात येऊ पाहत आहेत. तो एकटा पडला आहे असे समजून जो गप्प बसेल त्याची पाळी पुढची आहे.

कोरोनाच्या काळात या माणसांचे फार कौतुक झाले. २२ मार्च २०२० रोजी थाळ्या वाजल्या. ३ मे २०२० रोजी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुले पडली. पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, उत्तर प्रदेशात रुग्णवाहिकांचा ठेका एका कंपनीकडून दुसरीकडे जाऊ लागला आणि नोकरी जाण्याच्या भीतीने कामगारांनी संप केला. तेव्हा अत्यावश्यक सेवा कायदा उगारला गेला आणि शेकडो जणांना कामावरून काढण्यात आले. दुसरी लाट ओसरून जेमतेम दोन महिने झाले होते! संप करायचा म्हटले की सेवा 'अत्यावश्यक' आणि पगार द्यायचा म्हटले की काम 'मुख्य नाही', ही दुटप्पी भाषा शासनकर्त्यांनी आता बंद करावी. अत्यावश्यक असेल तर वेतनही अत्यावश्यक माणसाचे द्या.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. रुग्णवाहिकेवर आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या सुरू कराव्यात. पाळी संपल्यावर केसमुळे लागलेला प्रत्येक तास गाडीच्या जीपीएसवरूनच मोजून दुप्पट दराने द्यावा, कारण यंत्र तेथे आधीच बसवलेले आहे. पगार ठरलेल्या तारखेला थेट बँकेत जमा व्हावा आणि ठेकेदाराने थकवला तर शासनाने तो द्यावा. ठेका बदलला तरी माणसे तीच राहावीत आणि त्यांची जुनी सेवा धरली जावी. आणि शेवटी, ही पदे शासनाची करून बिंदुनामावलीप्रमाणे भरावीत. यांतली एकही मागणी क्रांतिकारक नाही. १९४६ साली गिरणी कामगाराला जे मिळाले त्याच्या आसपासचेच आम्ही मागतो आहोत.

पण शासनाला दोष देऊन आमची जबाबदारी संपत नाही. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते. त्यांतल्या पहिल्या शत्रूवर आम्ही खूप बोललो. दुसरा शत्रू ठेकेदाराचा सदरा घालून आमच्याच मुलांना राबवू लागला तेव्हा आमच्या किती संघटना त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या? जयंतीच्या मिरवणुकीत चौकाचौकांत रुग्णवाहिका उभी असते. कोणाला चक्कर आली, कोणी गर्दीत पडले तर धावायला. तिच्यातील पायलट मिरवणुकीत नाचत नाही, तो ड्युटीवर असतो. येत्या जयंतीला प्रत्येक मंडळाने त्याच्याजवळ जावे, 'जय भीम' करावा आणि एवढेच विचारावे, 'भाऊ, कितवा तास चालू आहे?' उत्तर वहीत लिहून घ्यावे. गावोगावच्या या वह्या एकत्र झाल्या की शासनाच्या दारात नेण्यासाठी दुसरा पुरावा लागणार नाही.

सावित्रीबाईंच्या पाठीवरचे ओझे आज या मुलांच्या खांद्यावर आहे. त्यांना हार-तुरे नकोत. त्यांचे तास मोजा आणि मोजलेल्या तासांचे दाम द्या!